ओव्हल, २३ ऑगस्ट १९७१: वाडेकरांनी न केलेले बदल

सोमवार, लंडनच्या ओव्हल मैदानावर भारत-इंग्लंड मालिकेतल्या तिसऱ्या आणि शेवटच्या कसोटीचा चौथा दिवस. भारताचा पहिला डाव सकाळी २८४ वर आटोपला. इंग्लंडच्या ३५५ धावा होत्या, म्हणजे ७१ ची पिछाडी. शुक्रवार अख्खा पावसात वाहून गेलेला. मालिकेतली लॉर्ड्‌स आणि ओल्ड ट्रॅफर्डची कसोटी अनिर्णित राहिली होती आणि दोन्हीकडे शेवटी पावसानेच निकाल लावू दिला नव्हता. इंग्लंड सलग २६ कसोट्या हरलं नव्हतं. भारताने इंग्लंडमध्ये तोवर २१ कसोट्या खेळून एकही जिंकली नव्हती. त्यातल्या १५ हरल्या होत्या.

अशा वेळी कर्णधार अजित वाडेकरांपुढचा सरळ मार्ग म्हणजे सामना वाचवणं. धावा रोखायच्या, षटकं खायची, इंग्लंडने डाव घोषित केला की शेवटचा दिवस खेळून काढायचा. मालिका ०-० सुटली असती तरी मुंबईत हारतुरे मिळाले असते. प्रत्यक्षात इंग्लंडचा डाव ४५.१ षटकांत १०१ धावांत संपला आणि दुसऱ्या दिवशी भारत चार गडी राखून जिंकला. याचं श्रेय चंद्रशेखरच्या ३८ धावांत ६ बळींना दिलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण त्या दुपारचं धावफलक नीट वाचलं, विशेषतः कुणी किती षटकं टाकली ते पाहिलं, की कर्णधाराचं काम स्वतंत्रपणे दिसतं. ते काम मुख्यतः हात न लावण्याचं होतं.

गोलंदाजीचं पान

इंग्लंडच्या दुसऱ्या डावातली आकडेवारी अशी: आबिद अली ३ षटकं, ५ धावा. सोलकर ३ षटकं, १० धावा. चंद्रशेखर १८.१ षटकं, ३ निर्धाव, ३८ धावा, ६ बळी. वेंकटराघवन २० षटकं, ४ निर्धाव, ४४ धावा, २ बळी. बेदी १ षटक, १ धाव, १ बळी.

नवा चेंडू फक्त सहा षटकं मध्यमगती गोलंदाजांकडे राहिला. पहिल्या डावात याच दोघांनी मिळून २७ षटकं टाकली होती आणि त्यात सोलकरने अवघ्या २८ धावांत ३ गडी बाद केले होते. ज्याने चार दिवसांपूर्वी तीन बळी मिळवून दिले, त्याला तीन षटकांत थांबवायचं, हे वाटतं तितकं सोपं नाही. बहुतेक कर्णधार अशा वेळी ‘आणखी दोन षटकं बघू’ म्हणतात. त्या दोन षटकांत सलामीवीर स्थिरावतात, धावफलक हलतं, आणि फिरकी गोलंदाज येतो तेव्हा जवळचे क्षेत्ररक्षक मागे सरकवायची पाळी येते. वाडेकरांनी नव्या चेंडूची चकाकी घालवण्यापुरतं काम करून घेतलं आणि उपाहारापूर्वीच चंद्राला आणलं.

चंद्राला लवकर आणण्यात धोका होता. लहानपणी पोलिओने त्याचा उजवा हात बारीक झालेला. फेक डाव्या हाताने, गोलंदाजी मात्र त्याच उजव्या हाताने. मनगटाला मिळणाऱ्या चाबकासारख्या झटक्यामुळे त्याचा लेगस्पिन जवळपास मध्यमगतीचा असे. गुगली (लेगब्रेकसारखा वाटणारा पण उलटा वळणारा चेंडू) आणि टॉपस्पिन (न वळता झपकन उसळणारा) ही त्याची खरी हत्यारं. पारंपरिक लेगब्रेक त्यामानाने साधा. चंद्रा लयीत असला की खेळणं अशक्य, आणि बिनसला की षटकात दोन आखूड चेंडू ठरलेले. पहिल्या डावात त्याने २४ षटकांत ७६ धावा देऊन दोनच बळी घेतले होते. त्याआधीच्या वेस्ट इंडीज दौऱ्यावर तर त्याला नेलंही नव्हतं. म्हणजे २३ ऑगस्टच्या सकाळी त्याचं नाव आजच्याइतकं वजनदार नव्हतं.

पहिला गडी नशिबाने मिळाला. लकहर्स्टने चंद्राला सरळ फटका मारला, चेंडू चंद्राच्या हाताला चाटून गोलंदाजाच्या टोकाच्या यष्ट्यांवर गेला आणि पुढे सरसावलेला जेम्सन धावबाद झाला. (पहिल्या डावात ८२ वर असतानाही तो धावबादच झाला होता.) २३ ला १. मग एड्रिच. त्या चेंडूची गोष्ट प्रसिद्ध आहे: चंद्रा गुगली टाकण्याच्या बेतात असताना सरदेसाईने ‘मिल रीफ’ टाक असं सुचवलं, असं सांगतात. मिल रीफ हा त्याच वर्षीची डर्बी जिंकलेला घोडा, म्हणजे अर्थातच चंद्राचा वेगवान चेंडू. एड्रिचची बॅट खाली यायच्या आत चेंडू यष्ट्यांत होता. पुढच्याच चेंडूवर फ्लेचर, झेल सोलकर. २४ ला ३ आणि उपाहार.

उपाहारानंतरचा प्रश्न

चाळीस मिनिटांच्या विश्रांतीत कर्णधाराकडे विचाराला वेळ असतो, आणि चुका करायलाही. वाडेकरांच्या हाताशी बिशनसिंग बेदी होता, त्या काळचा जगातला सर्वोत्तम डावखुरा फिरकी गोलंदाज. खेळपट्टी कोरडी, संथ वळण घेणारी. बेदीला बाहेर ठेवायचं कारण काय?

एक कारण पहिल्या डावातच लिहिलेलं आहे: बेदी ३६ षटकं, १२० धावा, २ बळी. १७५ ला ६ अशा अवस्थेतून नॉट आणि रिचर्ड हटन यांनी १०३ धावांची भागी केली, तीही झपाट्याने. नॉट ९०, हटन ८१. बेदीचा उंच, हवेत तरंगणारा चेंडू पुढे येऊन मारायचं धाडस या दोघांत होतं, आणि ते त्यांनी एकदा सिद्ध केलेलं होतं. धावा आटवायच्या असतील तर ते जुगाराचं टोक ठरलं असतं.

दुसरं कारण जोडीचं. चंद्राच्या टोकाकडून अधूनमधून चौकार जाणार हे गृहीत धरावं लागे. मग दुसऱ्या टोकाला असा माणूस हवा जो फलंदाजाला श्वास घेऊ देणार नाही. वेंकटचा ऑफस्पिन सपाट, टप्पा अचूक, चाल कंटाळवाणी वाटावी इतकी एकसारखी. चंद्राच्या षटकातून वाचलेला फलंदाज वेंकटसमोर येतो तेव्हा त्याला एकेरी धाव हवी असते. ती मिळत नाही, आणि तो पुन्हा चंद्रासमोर उभा राहतो. २० षटकांत ४४ धावा ही वेंकटची कामगिरी आकड्यांत फारशी चमकत नाही, पण चंद्राचे निम्मे बळी त्या टोकाला तयार झाले असं आमचं मत आहे.

दुसरा ऑफस्पिनर प्रसन्ना याला तर त्या संपूर्ण मालिकेत एकही कसोटी मिळाली नाही. वेंकट उपकर्णधार होता, फलंदाजी आणि क्षेत्ररक्षणात सरस होता. ऑफस्पिनचा कलाकार म्हणून प्रसन्ना वरचढ होता याबद्दल आजही वाद घालता येईल, आणि पार्ल्यापासून म्हैसूरपर्यंत तो घातला जातोच. पण बिनतोड आक्रमक चंद्राच्या जोडीला दुसरा कलाकार ठेवायचा की कारकून, हा प्रश्न असेल तर वाडेकरांनी कारकून निवडला, आणि त्या खेळपट्टीवर तो बरोबर होता.

सोलकर कुठे उभा होता

या गोलंदाजीचा तिसरा भाग म्हणजे फॉरवर्ड शॉर्ट लेगला एकनाथ सोलकर. तेव्हा हेल्मेट नव्हतं, नडगीला पॅडसुद्धा लावायची पद्धत नव्हती. तो फलंदाजापासून दोन-अडीच पावलांवर, गुडघ्यात पूर्ण वाकून, नजर बॅटच्या कडेवर ठेवून उभा राहायचा. इतरांपेक्षा त्याचा फरक दोन गोष्टींत होता: फटका बसेपर्यंत तो उठत नसे, आणि चुकवण्यासाठी पाठ फिरवत नसे. त्यामुळे जे चेंडू दुसऱ्या कुणाच्या बाबतीत ‘थोडक्यात पुढे पडले’ म्हणून सुटले असते, ते त्याला झेल वाटत. २७ कसोट्यांत ५३ झेल हा हिशेब यष्टिरक्षक नसलेल्या खेळाडूसाठी आजही थक्क करणारा आहे.

त्या दुपारी त्याचा मोलाचा झेल नॉटचा. पहिल्या डावात ९० करणारा, फिरकीला स्वीप आणि पुढे येऊन खेळणारा नॉट हाच इंग्लंडचा डाव उभा करू शकणारा माणूस होता. डॉलिव्हेरा वेंकटला फटका मारायला जाऊन १७ वर गेला होता (झेल बदली क्षेत्ररक्षक जयंतीलाल), धावसंख्या ४९ ला ४. नॉटने वेंकटचा चेंडू खाली दाबून खेळला. बॅट-पॅडला लागून तो जमिनीपासून काही इंचांवर पुढे आला आणि सोलकरने पालथं पडत, हात लांबवून तो उचलला. नॉट १. ५४ ला ५.

तिथे क्षेत्ररक्षक ठेवायचा म्हणजे गोलंदाजाचा टप्पा विश्वासाचा हवा. आखूड चेंडू पडला तर सोलकरची खैर नव्हती. म्हणून वेंकटचं अचूक टोक आणि सोलकरचं अंतर या एकाच निर्णयाच्या दोन बाजू आहेत. एक बदलली की दुसरी मागे घ्यावी लागते. टीव्हीवर हल्ली फॉरवर्ड शॉर्ट लेग दिसतो तो बरेचदा नुसता शोभेला, संघातला सर्वांत नवखा मुलगा. सोलकरला तिथे हक्काने उभं केलं जात होतं.

यष्टिरक्षक फारूख इंजिनीअर होता, हेही महत्त्वाचं. वेस्ट इंडीजमध्ये तो नव्हता, तिथे कृष्णमूर्तीने यष्टिरक्षण केलं. चंद्राचा वेगवान चेंडू पॅडच्या बाहेरून निघाला तर बायच्या चार धावा नक्की. त्या डावात सगळ्या मिळून अवांतर धावा तीन होत्या.

इंग्लंडचा कर्णधार इलिंगवर्थ ४ वर चंद्राच्या हातात परत झेल देऊन गेला, ६५ ला ६. एका बाजूने टिकून राहिलेला लकहर्स्ट ३३ वर, झेल वेंकट. त्याच धावसंख्येवर स्नो, पुन्हा चंद्राचा स्वतःचाच झेल. ७२ ला ८.

इथे डाव थोडा अडला. हटन आणि अंडरवुड यांनी नवव्या गड्यासाठी २४ धावा जोडल्या. १०१ च्या डावात २४ म्हणजे जवळपास पाव हिस्सा. पहिल्या डावात याच हटनने ८१ केल्या होत्या, त्यामुळे आघाडी १६७ वर पोचली तेव्हा भारतीय ड्रेसिंग रूममध्ये चुळबुळ सुरू झाली असणार. वाडेकरांनी त्या डावात पहिल्यांदाच फिरकीच्या जोडीत बदल केला. बेदीला चेंडू दिला. अंडरवुड, झेल मंकड, ११. एक धाव, एक बळी, एवढंच बेदीचं काम. पुढचं षटक त्याला मिळालं नाही. प्राइसला चंद्राने पायचीत केलं आणि डाव १०१ वर संपला.

सगळी षटकं जोडून पाहा: ४५.१ पैकी ३८.१ चंद्रा आणि वेंकट यांची. जे चाललंय ते मोडायचं नाही, आणि मोडायचं तर एका षटकापुरतं. हा संयम दिसायला सोपा आहे. प्रत्यक्षात मैदानावर तासाभरात तीन गोलंदाज येऊन ‘मला दे’ म्हणत असतात, आणि एका खराब षटकानंतर कर्णधाराचा हात आपोआप दुसऱ्याकडे वळतो.

१७३ आणि भरपूर वेळ

७१ ची पिछाडी, १०१ धावा, म्हणजे जिंकायला १७३. सोमवारचा उरलेला वेळ आणि पूर्ण मंगळवार. धावा कमी होत्या, वेळ भरपूर होता; काळजी दोनच, इंग्लंडचा डावखुरा फिरकी गोलंदाज अंडरवुड आणि पाऊस. ओल्या खेळपट्टीवर अंडरवुडला खेळणं जगात कुणालाच जमत नव्हतं. मग पाऊस येण्याआधी धावा उरकाव्यात का? हा मोह होताच.

वाडेकरांनी तो टाळला. गावसकर स्नोच्या चेंडूवर शून्यावर पायचीत झाला, धावसंख्या २. ते स्वतः तिसऱ्या क्रमांकावर आले. मंकड ३७ धावसंख्येवर गेला. मग सरदेसाईबरोबर त्यांनी दिवस संपेपर्यंत खेळ ७६ ला २ वर आणून ठेवला. वाडेकर ४५. मंगळवारी हव्या होत्या ९७, हातात आठ गडी.

मंगळवारी सकाळी एकही धाव न होता वाडेकर धावबाद झाले; चोरटी धाव, डॉलिव्हेराची फेक. धावबाद होऊन परतलेला कर्णधार अशा वेळी बाल्कनीत उभा राहून निरोप पाठवत बसतो. वाडेकर ड्रेसिंग रूममध्ये झोपी गेले, आणि विजयानंतर इंग्लंडचे माजी फलंदाज केन बॅरिंग्टन यांनी त्यांना उठवलं, ही हकिगत त्यांच्या थंडपणाचा पुरावा म्हणून वारंवार सांगितली जाते. आमच्या मते तिचा अर्थ साधा आहे: कसं खेळायचं ते आदल्या रात्री ठरलेलं होतं, त्यात भर घालण्यासारखं काही उरलं नव्हतं.

कसं खेळायचं ठरलं होतं ते इंग्लंडच्या गोलंदाजीच्या पानावर आहे. इलिंगवर्थ ३६ षटकं, १५ निर्धाव, ४० धावा, बळी नाही. अंडरवुड ३८ षटकं, ७२ धावा, ३ बळी. इलिंगवर्थने पहिल्या डावात ७० धावांत ५ बळी घेतले होते. या वेळी त्याला खेळून काढायचं, बळी द्यायचा नाही, आणि धावा मिळतील तेवढ्या अंडरवुडकडून काढायच्या. अंडरवुडला वळण मिळत होतं, पण खेळपट्टी कोरडी राहिल्यामुळे चेंडू संथ येत होता; मागे जाऊन खेळायला वेळ होता. सरदेसाई ४०, विश्वनाथ ३३. सरदेसाई आणि सोलकर पाठोपाठ गेले तेव्हा १३४ ला ५ झाले आणि अजून ३९ धावा हव्या होत्या. इंजिनीअरने विश्वनाथला साथ दिली, धावसंख्या १७० वर नेली. विजयाला तीन धावा असताना विश्वनाथ लकहर्स्टच्या चेंडूवर झेल देऊन परतला. आबिद अलीने येऊन चौकार मारला. १७४ ला ६, १०१ षटकं. षटकामागे पावणेदोन धावासुद्धा नाहीत.

दिवस गणेश चतुर्थीचा होता. या सामन्यासाठी चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण मैदानावर आणली होती, ते छायाचित्र अजून दर चतुर्थीला फिरतं.

हा निर्णय आकाशातून पडला नव्हता

सहा महिने आधी, वेस्ट इंडीज दौऱ्यातल्या किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत, वाडेकरांच्या हिशेबी स्वभावाची चुणूक दिसली होती. निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने आधीचे कर्णधार पतौडी यांच्याऐवजी त्यांना कर्णधारपद मिळालं होतं आणि हा त्यांचा पहिलाच सामना. पहिला दिवस पावसाने गेला. ७५ ला ५ वरून सरदेसाईच्या २१२ आणि सोलकरच्या ६१ धावांमुळे भारत ३८७ पर्यंत गेला. वेस्ट इंडीज २१७. आघाडी १७०.

पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनसाठी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला लगेच पुन्हा फलंदाजीला उतरवण्यासाठी, २०० ची आघाडी लागते, म्हणून यजमान निश्चिंत होते. पण पहिल्या दिवशी चेंडूच पडला नसेल तर सामना प्रत्यक्ष सुरू झाल्यापासूनचे दिवस मोजतात, आणि चार दिवसांच्या सामन्याला १५० पुरतात. वाडेकरांना हे माहीत होतं. ते वेस्ट इंडीजच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि त्यांचा कर्णधार सोबर्स याला पुन्हा फलंदाजीला या म्हणून सांगितलं. सामना अनिर्णितच राहिला, कन्हायने नाबाद १५८ केल्या. पण भारताने वेस्ट इंडीजला फॉलोऑन दिला, याचा परिणाम पोर्ट ऑफ स्पेनच्या पुढच्या कसोटीत दिसला. तिथेही दुसऱ्या डावात वाडेकरांनी चेंडू सलीम दुराणीकडे दिला, त्याने सोबर्सचा शून्यावर त्रिफळा उडवला, लॉइडचा झेल खुद्द वाडेकरांनी घेतला. दुराणी १७ षटकं, २१ धावा, २ बळी. भारत सात गड्यांनी जिंकला आणि मालिका १-०.

ओव्हलच्या संघात वाडेकर, गावसकर, मंकड, सरदेसाई, सोलकर, इंजिनीअर असे सहा जण मुंबईचे होते. मुंबईच्या क्रिकेटची शिकवण त्या १०१ षटकांत स्वच्छ दिसते: गडी फेकायचा नाही.

हीच पद्धत केव्हा फसते

१९७२-७३ मध्ये मायदेशी इंग्लंडला २-१ हरवून वाडेकरांनी सलग तिसरी मालिका जिंकली. मग १९७४. इंग्लंडमध्ये ३-० पराभव, लॉर्ड्‌सला १७ षटकांत सर्वबाद ४२. वाडेकरांच्या घरावर दगडफेक झाली. त्यानंतर पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळल्यावर त्यांनी निवृत्ती पत्करली. कर्णधार म्हणून १६ कसोट्या: ४ विजय, ४ पराभव, ८ अनिर्णित.

तीन वर्षांत माणूस बदलला नव्हता. बदलल्या होत्या त्या अटी. १९७१ च्या कसोट्या जुलैच्या उत्तरार्धात सुरू होऊन ऑगस्टअखेर संपल्या, उन्हाळा मुरलेला, खेळपट्ट्या सुकलेल्या. १९७४ ची पहिली कसोटी ६ जूनला होती. हवा थंड, गवत ओलं, चेंडू शिवणीवर हलणारा. अर्नोल्ड आणि ओल्ड यांना हवी तीच परिस्थिती. शिवाय लॉर्ड्‌सला चंद्राला दुखापत झाली आणि तो दहा षटकंही पूर्ण टाकू शकला नाही. इंग्लंडने ६२९ केल्या. फिरकीच्या दोन टोकांवर उभी केलेली योजना एक टोक गेलं की कोसळते, कारण मध्यमगती गोलंदाजांकडे पर्याय म्हणून कधी पाहिलेलंच नसतं. नवा चेंडू सहा षटकांत आवरण्याची ही किंमत.

नव्वदीच्या दशकात वाडेकर भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले. १९९३ च्या सुरुवातीला इंग्लंडचा संघ आला तेव्हा कोलकाता, मद्रास आणि मुंबई अशा तिन्ही कसोट्यांत कुंबळे, राजू आणि चौहान असे तीन फिरकी गोलंदाज खेळले. कर्णधार अझरुद्दीन होता. नवा चेंडू थोडा वेळ वापरून फिरकी दोन्ही टोकांना लावायची आणि फलंदाजाभोवती झेलांचं कडं ठेवायचं, हेच सूत्र. कुंबळेचे २१ बळी, मालिका ३-०. या वेळी दोनऐवजी तीन फिरकी गोलंदाज हाताशी होते, त्यामुळे एक टोक निकामी झालं तरी दुसरा माणूस तयार होता.